उघड्या मातीचा पावसाळा

जबलपूरचे जुने शहर आणि सिव्हिल लाइन्स यांच्यामधून ओमती नावाचा नाला वाहतो. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या अकराव्या आवृत्तीत जबलपूरवर एक छोटी नोंद आहे. तीत ओढ्याचे नाव नाही, पण त्याची दखल आहे. हा ओढा साहेबांची वस्ती आणि छावणी यांना देशी वस्तीपासून वेगळे करतो, आणि खालच्या दलदलीच्या खोलगटामुळे ही जागा युरोपियनांच्या प्रकृतीला मानवत नाही, असे ती नोंद सांगते. वसाहतकालीन शहराचा पाण्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन या दोन वाक्यांत सामावलेला आहे. पाणी ही एक सीमा होती आणि पाणी हा एक आजार होता. ते लवकरात लवकर वस्तीबाहेर काढून द्यावे, हा त्यावरचा उपाय होता.

ओढ्यात किती पाणी येईल याचा हिशेब करण्याची रीत शहरांनी पुढे आत्मसात केली. त्या पाण्याबरोबर किती माती येते, ती कोणाच्या जागेतून येते आणि कोणाच्या परवानगीने येते, हा हिशेब मात्र मागे राहिला. बांधकामाच्या जागेवरून वाहून जाणारी माती हा विषय विज्ञानात आणि कायद्यात कसा आला, आणि भारतीय शहरांच्या परवानगीपत्रांत तो अर्धवट का राहिला, हे समजून घेण्यासाठी जबलपूरसारखे दुसरे योग्य शहर शोधावे लागेल. कारण या शहराला आणि त्याच्या परिसराला हा प्रश्न फार पूर्वी कळला होता.

तलावांचे शहर, बांधांचा मुलूख

जबलपूर ग्रॅनाइटच्या बुटक्या टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट जागेत वसले आहे. वर्षाला सरासरी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. खडकाळ उतारावरून पाणी वेगाने खाली उतरते. गढा-मंडलाच्या गोंड राजवटीत या उतारांच्या पायथ्याशी तलावांची साखळी उभी राहिली. ‘बावन ताल’ ही त्यांची लोकस्मृतीतली संख्या. राणी दुर्गावतीचे राणीताल, तिच्या दासीच्या नावाचे चेरीताल, दिवाण आधार कायस्थ याच्या नावाचे आधारताल, राजा संग्रामशाहाच्या नावाचा संग्रामसागर ही त्यांपैकी काही नावे. दुर्गावती १५६४ साली रणांगणात पडली. तलाव त्यानंतरही शतकानुशतके टिकले. हे तलाव पाणी साठवत, आणि शिवाय उतारावरून आलेला गाळही आपल्या तळाशी धरून ठेवत. आज चेरीताल हे एका दाट वस्तीचे नाव आहे.

शहराबाहेरच्या सपाट काळ्या जमिनीत याहून सूक्ष्म व्यवस्था होती. जबलपूर आणि नरसिंहपूरच्या गहू पिकवणाऱ्या पट्ट्याला ‘हवेली’ म्हणतात. येथील शेतकरी पावसाळ्यात शेताभोवती उंच बांध घालून पाणी शेतातच कोंडून ठेवत. पावसाळा सरला की पाणी सोडून देत आणि राहिलेल्या ओलीवर गहू-हरभरा पेरत. पिकाला ओल मिळावी आणि तण कुजावे हा उघड हेतू. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तिसरा लाभही तितकाच मोलाचा होता. शेतावर साचलेले पाणी पावसाच्या थेंबाचा मार स्वतः सोसते. पाण्याची खोली थेंबाच्या व्यासाच्या तीन-चार पट झाली की तो मार तळाच्या मातीपर्यंत जवळजवळ पोहोचत नाही. शिवाय जी माती गढूळ झाली, ती त्याच बांधाच्या आत खाली बसते. माती जिथली तिथे राहते.

‘माती जिथली तिथे’ हे तत्त्व पुढे विसाव्या शतकातील कायद्यांनी वेगळ्या मार्गाने शोधून काढले.

पाण्याचे सूत्र

जबलपूर १८१७ साली नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले. १८६१ मध्ये नागपूर आणि जबलपूर हे दोन्ही मुलूख मध्य प्रांत या एका प्रशासनाखाली आले. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारे लोहमार्ग जबलपूरला एकत्र मिळाले. रूळ टाकायचे म्हणजे मातीचा भराव घालायचा, आणि भराव घातला की प्रत्येक ओढ्यासाठी त्याखालून मोरी ठेवायची. मोरी किती रुंद ठेवावी? लहान ठेवली तर भराव वाहून जाईल, मोठी ठेवली तर पैसा वाया जाईल.

या प्रश्नाची दोन उत्तरे त्याच काळात मिळाली होती. आयर्लंडचे अभियंते टॉमस मुलवनी यांनी १८५१ च्या सुमारास असा विचार मांडला की सर्वाधिक प्रवाह हा पावसाची तीव्रता, पाणलोटाचे क्षेत्रफळ आणि जमिनीचा स्वभाव दाखवणारा एक गुणांक यांच्या गुणाकाराइतका असतो. भारतात काम करणारे लष्करी अभियंते डिकन्स यांनी १८६५ मध्ये पुराचे असे सूत्र दिले की ज्यात पाणलोटाच्या क्षेत्रफळाचा पाऊण घात येतो. दोन्ही सूत्रे आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवली जातात.

या सूत्रांनी असंख्य मोऱ्या आणि गटारे वाचवली. पण त्यांत मातीला जागा नव्हती. मुलवनींच्या सूत्रातील गुणांक बागेसाठी ०.२ ते ०.३ आणि छपरासाठी ०.९ च्या आसपास धरतात. बाग छपरात रूपांतरित होत असतानाच्या काळात, म्हणजे खोदलेल्या, उघड्या, ट्रकच्या चाकांनी दाबलेल्या जमिनीवर काय घडते, हे तो गुणांक सांगत नाही. नगरपालिकांच्या परवानग्याही याच साच्यात घडल्या. नकाशा मंजूर करायचा तो उद्याच्या इमारतीचा: भिंती, उंची, मोकळी जागा, गटाराची जोडणी. तपासायची ती पूर्ण झालेली इमारत. मधला काळ कागदावर रिकामा राहिला.

थेंबाचा मार

मधल्या त्या काळात जमिनीवर काय होते, याचे उत्तर १९४० च्या दशकात मिळाले. तोपर्यंत धूप म्हणजे वाहत्या पाण्याने माती ओढून नेणे, अशीच समजूत होती. अमेरिकेतील संशोधक लॉज यांनी १९४१ मध्ये पडणाऱ्या थेंबांचे वेग मोजले, तर एलिसन यांनी १९४४ मध्ये दाखवले की मातीचे कण सुटे करण्याचे मुख्य काम थेंबाचा आघात करतो.

साध्या हिशेबाने हे पटते. एका तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर प्रत्येक चौरस मीटरवर ५० किलो पाणी पडते. जोरदार पावसाचे मोठे थेंब सेकंदाला ७ ते ८ मीटर वेगाने येतात. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दीड हजार ज्यूल ऊर्जा आदळते. १५ किलोचे वजन १० मीटर उंचीवरून टाकावे, तितकी. तेच पाणी जमिनीवरून सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने पसरत गेले, तर त्याची गतिज ऊर्जा पाव ज्यूल असते. दोहोंत हजारो पटींचा फरक आहे. थेंब कण उखडतो, प्रवाह तो फक्त वाहून नेतो. म्हणून गवत, पेंढा, गोणपाट असे कोणतेही आवरण मातीवर असले की धूप एकदम घटते. आवरणाने वाहणारे पाणी थांबत नसेल, पण मार थांबतो.

दुसरा हिशेब सुटलेल्या कणांचा आहे. स्थिर पाण्यात ५० मायक्रॉन व्यासाचा कण १ मीटर खाली बसायला सात-आठ मिनिटे घेतो. २ मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला तेवढेच अंतर उतरायला तीन दिवसांहून अधिक लागतात, कारण बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. जागेच्या कोपऱ्यात एक खड्डा खणून गढूळ पाणी त्यात काही मिनिटे थांबवले, तर वाळू आणि जाड गाळ मिळेल. चिकणमाती निघून जाईल. नर्मदेच्या खोऱ्यातील काळी माती ही मुख्यतः चिकणमाती आहे. एकदा ती पाण्यात गेली की तिला अडवणे जवळजवळ अशक्य. तिला उखडूच न देणे हाच खरा उपाय.

शेतातून साइटवर

या ज्ञानाचा पहिला उपयोग शेतीसाठी झाला. अमेरिकेत धुळीच्या वादळांनंतर १९३५ मध्ये मृदसंधारणाची केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. १९६५ मध्ये विशमायर आणि स्मिथ यांनी १० हजारांहून अधिक ‘वाफा-वर्षां’च्या नोंदींवर आधारलेले मृदाक्षयाचे सार्वत्रिक समीकरण प्रसिद्ध केले. पावसाचा मार, मातीचा प्रकार, उताराची लांबी व तीव्रता, आवरण आणि संधारणाचे उपाय यांचा तो एक गुणाकार आहे. उघड्या नांगरलेल्या जमिनीसाठी आवरणाचा गुणक १ धरतात. दाट गवतासाठी तो एक शतांशाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. समीकरणातील इतर घटक माणसाच्या हातात फारसे नसतात. हा घटक एका दिवसात बदलता येतो, दोन्ही दिशांनी.

शेतातून बांधकामाच्या जागेकडे येण्याचे पाऊल १९६७ मध्ये पडले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील भूगोलज्ञ रेड्स वोलमन यांनी मेरीलँडमधील ओढ्यांचा अभ्यास करून एक चक्र दाखवले. जंगल असताना ओढ्यात गाळ थोडा असतो, शेती आली की वाढतो, बांधकाम सुरू झाले की अचानक शेकडो पटींनी उसळतो आणि शहर पूर्ण झाले की पुन्हा घटतो. उसळीचा काळ छोटा असतो, पण तेवढ्यात ओढ्याचे पात्र भरून जाते. नंतर फरसबंद शहरातून अधिक पाणी येते आणि ते मावण्याची जागा आधीच गाळाने घेतलेली असते. मेरीलँडने १९७० मध्ये राज्यव्यापी गाळनियंत्रण कायदा केला: जमीन उकरण्यापूर्वी माती कशी रोखणार याचा आराखडा मंजूर करून घ्यायचा. पुढे अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनी १९९० मध्ये ५ एकर आणि १९९९ मध्ये १ एकर उकरलेल्या जमिनीपासून परवाना आवश्यक केला.

यातील मोजमापाकडे लक्ष दिले पाहिजे. अट उकरलेल्या जमिनीच्या क्षेत्रफळावर आहे. वर किती मजले चढणार, याच्याशी तिचा संबंध नाही.

भारतातील अर्धे पाऊल

मातीच्या कायद्यात भारत मागे नव्हता. मुंबई प्रांताने १९४२ मध्येच जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि त्याखाली दख्खनच्या दुष्काळी भागात समतल बांधांची कामे झाली. शेतातली माती ही सार्वजनिक हिताची गोष्ट आहे, हे कायद्याने मान्य केले होते. पण ही मान्यता गावकुसातून शहरात आली नाही. शहरी कायद्यांची परंपरा वेगळी होती. जबलपूरला लागू असलेला मध्य प्रदेशाचा महानगरपालिका अधिनियम १९५६ चा, नगर व ग्रामनिवेश अधिनियम १९७३ चा, आणि सध्याचे भूमी विकास नियम २०१२ चे. या परंपरेच्या केंद्रस्थानी इमारत आणि भूखंड आहेत. पावसाचे पाणी जिरवण्याची अट त्यात आली, तीही पूर्ण झालेल्या छपराच्या पाण्यासाठी.

महसूल खात्याने मात्र खोदलेली माती पाहिली. ३ फेब्रुवारी २००० च्या केंद्रीय अधिसूचनेने भरावासाठी आणि सपाटीकरणासाठी वापरलेली साधी माती गौण खनिज ठरली. त्यावर स्वामित्वधन आकारले जाऊ लागले. इमारतीच्या पायासाठी काढून त्याच जागेत वापरलेल्या मातीवरही ते लागते का, हा वाद पुण्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१४ मध्ये निकाली निघाला. ट्रकने गेलेल्या मातीचा हिशेब असा ब्रासमध्ये होतो. पाण्याने गेलेल्या मातीचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

पर्यावरणीय मंजुरीच्या चौकटीत बांधकामे २००४ मध्ये आली आणि १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने २०,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्राची मर्यादा घातली. त्या अर्जात धूप, वरची सुपीक माती आणि पावसाचा निचरा यांविषयी प्रश्न आहेत. ९ डिसेंबर २०१६ च्या दुरुस्तीने याहून लहान प्रकल्पांसाठीही अटींची यादी दिली. बांधकामाखाली येणाऱ्या जागेवरून वरची २० सेंटिमीटर माती काढून जपून ठेवावी, ही त्यातलीच एक. पण त्याच दुरुस्तीने मंजुरीचे अधिकार स्थानिक संस्थांकडे सोपवले होते. ८ डिसेंबर २०१७ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तिच्यातील अनेक तरतुदी अमान्य करून फेरविचार करण्यास सांगितले. पर्यावरणाची परीक्षा सैल होईल, ही त्यामागची चिंता रास्त होती. मात्र लहान जागांचा प्रश्न होता तिथेच राहिला.

२०,००० चौरस मीटर हे बांधीव क्षेत्र आहे, म्हणजे सर्व मजल्यांची बेरीज. पाऊस मजल्यांच्या बेरजेवर पडत नाही. उंच इमारत लहान भूखंडावर ही मर्यादा ओलांडते, आणि कित्येक हेक्टर जमीन उकरून बुटकी घरे बांधणारा तिच्या खाली राहू शकतो. मोजमापच चुकीच्या राशीचे आहे.

इच्छा असली तर कायदा मधला काळ पाहू शकतो, याचा पुरावाही आपल्याकडे आहे. २५ जानेवारी २०१८ च्या केंद्रीय नियमांनी हवेची पातळी बिघडलेल्या शहरांत धूळ रोखण्याचे उपाय केल्याशिवाय खोदाई करू नये आणि सुटी माती किंवा वाळू उघडी ठेवू नये, असे बंधन घातले. राष्ट्रीय स्वच्छ वायू कार्यक्रमातील शहरांत जबलपूरही आहे. मातीचा ढीग झाकायचा, कारण वारा तो उडवील. तोच ढीग जुलैमध्ये पाऊस वाहून नेईल, हे सांगणारे तितकेच स्पष्ट वाक्य मात्र त्या नियमांत नाही.

किंमत कोण देतो

धुपेची किंमत उताराच्या वरचा माणूस देत नाही. ती खालचा देतो. महाराष्ट्राने हे जून २०१३ मध्ये पाहिले. पुणे–सातारा महामार्गावर कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ डोंगर कापून सपाटीकरण झाले होते आणि नैसर्गिक ओढ्याच्या वाटेत भराव आला होता. मोसमी पावसाच्या पहिल्याच मोठ्या सरीत पाणी आणि चिखल रस्त्यावर उतरला. मोटारीतून जाणारी एक आई आणि तिची चिमुकली मुलगी त्यात वाहून गेल्या. त्यानंतर बेकायदा खोदाईची चर्चा झाली, कारवाया झाल्या. डोंगर कापण्याचे प्रकरण तोवर प्रामुख्याने गौण खनिजाच्या चोरीचे मानले जात होते. ओढ्याच्या वाटेचा प्रश्न दोन जिवांनंतर पुढे आला.

सिव्हिल लाइन्सचे उतार इतके तीव्र नाहीत, म्हणून तिथे हीच किंमत हप्त्यांनी वसूल होते. या वस्तीची घडण मोठ्या आवारांची, झाडांची आणि मधोमध एका बंगल्याची होती. तशा एखाद्या २,००० चौरस मीटरच्या आवारात तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर एक लाख लिटर पाणी पडते. बाग असताना त्यातले साधारण तीस हजार लिटर बाहेर जाईल. इमारत आणि फरसबंदी झाल्यावर नव्वद हजार लिटर जाईल. आणि मधल्या पावसाळ्यात त्या उघड्या जमिनीवरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तरी ती दोन घनमीटर, म्हणजे अडीच-तीन टन माती असते. ती रस्त्याकडेच्या गटारात बसते. तिथून पुढे नाल्यात, आणि नाला खालच्या वस्तीत तुंबतो. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी नूतनीकरण अभियानात जबलपूरच्या पावसाळी नाल्यांना पक्के करण्याची योजना हाती घेतली गेली. गुळगुळीत काँक्रीट पाणी वेगाने नेते, हे खरे. पण गाळाने निम्मा भरलेला नाला कागदावरच्या रुंदीचा राहत नाही, आणि गाळ उपसण्याचा खर्च प्रत्येक वर्षी सार्वजनिक तिजोरीतून होतो.

इतिहासातून निघणारी मागणी फार मोठी नाही. बांधकाम परवानगीच्या नकाशाला एक पान जोडायचे. त्यावर किती चौरस मीटर जमीन किती महिने उघडी राहणार हे लिहायचे. खोदाई शक्यतो ऑक्टोबर ते मे या काळात उरकायची. जमेल तिथे ती टप्प्याटप्प्याने करायची. जूनपूर्वी जी जमीन उघडी असेल तिच्यावर पेंढा, गोणपाट किंवा गवत घालायचे. उताराच्या खालच्या कडेला मातीचा बांध आणि गाळ बसवणारा खड्डा ठेवायचा. ट्रक बाहेर पडतात त्या वाटेवर खडी पसरायची, म्हणजे चाकांबरोबर चिखल रस्त्यावर येणार नाही. जोते तपासायला अधिकारी येतोच. त्याने एकदा मे महिन्याच्या अखेरीसही यायचे. आणि हे बंधन बांधीव क्षेत्रावर नव्हे, उकरलेल्या जमिनीवर बेतायचे.

यातले एकही साधन जबलपूरला परके नाही. खालच्या कडेचा बांध, पाणी थांबवणारी जागा, पावसाळ्यानंतरच कामाला हात घालणे, हे सारे हवेलीतल्या शेतकऱ्याच्या वार्षिक कामात होते. त्याला त्यासाठी परवाना लागत नव्हता, कारण बांध फुटला तर माती त्याचीच जात होती. शहरात माती एकाची जाते आणि गाळ दुसऱ्याच्या दारात येतो. त्या दोघांमध्ये एक सही असलेला कागद असणे एवढ्याचसाठी गरजेचे आहे.